उरलेला अर्धा तास

आबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी खांडबाऱ्याला शाळेत होतो, हातात खडू. मी गणिताचा मास्तर. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही... नव्हता म्हणा हवं तर.

आबा आम्हा पाच भावांतला थोरला. लग्न केलं नाही, शाळा चौथीतच सोडली. रनाळ्याला आमच्या सामाईक विहिरीवर दिवसाची वीज साडेसात तास. आबाने प्रत्येकाला पाण्याची दीड तासाची बारी लावून दिली होती आणि त्यावरून कधी भांडण झालं नाही. बारी संपली की तो बांधावरून नुसता खाकरायचा, आणि आपण निमूट फावडं उचलायचं.

श्रावणात तो अंथरुणाला खिळला. लिहायला लाज वाटते, पण त्याच्या जिवात जीव असतानाच आम्ही चौघांनी त्याची बारी वाटून घेतली. प्रत्येकी पावणेदोन तास. कागद घेऊन मीच त्याच्याकडे गेलो. साडेसात भागिले पावणेदोन, म्हणजे चार पूर्णांक दोन सप्तमांश. चार बाऱ्या आमच्या, वरचे दोन सप्तमांश तास तुझ्या मिरचीला, जेमतेम सतरा मिनिटं, असं त्याला समजावलं. त्याने डोळेही उघडले नाहीत.

"मास्तर, ते दोन सप्तमांश बारीना शेतस, तासना नही. चार पावणेदोन सात. अर्धा तास उरस. तो मन्हा शे."

याच चुकीसाठी मी दरवर्षी पोरांना उभं करतो. "बरं" म्हणालो आणि उठलो. पण तो अर्धा तास आम्ही त्याला दिलाच नाही, धाकटा धनराज घेत राहिला. आबाची मिरची त्याच्या खिडकीसमोर सुकत गेली. ती बघतच तो गेला.

दहावं झालं आणि धनराज माझ्याकडे आला. "अण्णा, साडेतीन वाजनात का पानी मन्हा वावरमा येतच नही. आबाना पट्टामा जास."

मधल्या दोघांपैकी कोणाचा तरी उद्योग असणार, असं मला वाटलं. दोघांनी शपथा घेतल्या. मग रविवारी मी स्वतः आबाच्या पट्ट्याकडे वळणारं पाटाचं तोंड पायाने चिखल चेपून बुजवलं आणि बांधावर बसलो. चौफेर ऊन, माणूस नाही. साडेतीनला चिखल हळूहळू ओघळू लागला, कोणी बोटांनी उकरावा तसा... पाणी वळलं आणि सुकल्या मिरचीत शिरलं. मी जागचा हललो नाही. चार वाजता वीज गेली, मोटार थांबली, आणि माझ्या पाठीमागे कोणीतरी खाकरलं. मागे वळून बघायची माझी छाती झाली नाही. घरी आल्यावर उंदराचं बीळ असेल म्हणून सांगितलं. बायको म्हणाली, उंदीर घड्याळ बघतो का?

गेल्या आठवड्यात वीज आठ तास झाली. तिघे भाऊ माझ्या ओट्यावर येऊन बसले. नवी वाटणी मांडायची होती. आठ भागिले चार, बरोबर दोन. मागे काहीच उरत नाही. पोरंसुद्धा तोंडी सांगतील. मी पेन उचललं. मग चौघांच्या नावांपुढे पावणेदोनच लिहिलं आणि कागद पुढे सरकवला.

तिघांनी तो आळीपाळीने वाचला. चूक कोणी काढली नाही. धनराज तेवढा कागदावर बोट ठेवून थांबला.

"एक तास पुरी जाई ना आबाले?"