लोरेटाचा आवाज

नंदाताई मूळच्या अकोल्याच्या. बोलणं इतकं हळू की पाहुण्याला "चहा टाकू का" विचारलं तरी ते शेजारच्या घरातून विचारल्यासारखं वाटायचं. नवरा गेल्यावर मुलानं, प्रसादनं, त्यांना अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला आणलं. प्रसाद आणि सून चैत्राली दिवसभर ऑफिसात, नात अनिका हायस्कुलात. टीव्हीशी किती बोलणार? शेवटी नंदाताईंनी जवळच्या प्राथमिक शाळेच्या कॅफेटेरियात मुलांना जेवण वाढायचं काम धरलं.

"अगं बाई, मुलगा एवढा कमावतोय आणि तू भांडी घासणार?" महाराष्ट्र मंडळातल्या शैलाकाकूंनी भर गणपतीच्या कार्यक्रमात विचारलं.

"भांडी मशीन घासतं," नंदाताई म्हणाल्या आणि हसल्या.

हे हसू म्हणजे एक वेगळंच प्रकरण होतं. आनंद झाला की त्या हसायच्या, ते सोडा. पण लाज वाटली तरी हसायच्या, घाबरल्या तरी हसायच्या, आणि हातून चूक झाली की सगळ्यात जास्त हसायच्या. अकोल्यात ते बघून लोक म्हणत, "असू दे गं, एवढं काय." अ‍ॅशबर्नमध्ये असं म्हणणारं कुणी नव्हतं.

कॅफेटेरियात त्यांच्या शेजारी उभी राहायची लोरेटा. उंच, ब्लॅक, पन्नाशी ओलांडलेली, शाळा उघडली तेव्हापासूनची. तिला हळू बोलता येतं का, हे तोवर कुणी तपासलं नव्हतं. "बेबी, पास्ता घेतोयस की नुसता बघतोयस? पास्ता काही फोटोसाठी उभा नाहीये!" पहिलीतली पोरं खिदळायची आणि ताट पुढे करायची.

पहिल्या दिवशी तिनं नंदाताईंनाही सोडलं नाही. "मिस नंदा! तो डाव आहे, तान्हं बाळ नाही. घट्ट धर!"

नंदाताई घाबरल्या आणि हसल्या. पण दोन आठवड्यांत त्यांच्या लक्षात आलं की ही बाई ओरडते आणि मग ओरडलेलं विसरूनही जाते. जेवणात बीफ असलं, की नंदाताईंना ते वाढावं लागू नये म्हणून लोरेटा अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी पुकारायची, "मिस नंदा आज सॅलडवर! तिला कुणी हलवायचं नाही!" नंदाताई लाजून लाल व्हायच्या. घरी येऊन मात्र हे सगळं चैत्रालीला रंगवून सांगायच्या. आपल्यासाठी कुणी असं गर्जून उभं राहण्याची त्यांना सवयच नव्हती.

थंडीत लोरेटाची आई गेली. चार दिवस रजा घेण्याआधी लोरेटा मुद्दाम किचनमध्ये आली. त्या दिवशीही आवाज मोठाच होता, फक्त मधेमधे तुटत होता. "शनिवारी चर्चमध्ये आईचं फ्युनरल आहे. येशील ना?"

"हो हो. येईन. बघते."

जिची आई गेली, तिच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं? नंदाताईंच्या हिशेबी तेवढं 'हो' म्हणणं हीच माया होती. त्यांना गाडी येत नव्हती. शनिवारी चैत्राली अनिकाला घेऊन डिबेटच्या स्पर्धेला गेली. प्रसाद घरी होता, पण ऑफिसचं काम घेऊन सकाळपासून हेडफोन लावून बसला होता. त्याला "सोडतोस का रे" म्हणायला नंदाताई दोनदा जिन्यापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. पांढरी साडी नेसून दुपारपर्यंत सोफ्यावर बसल्या. मग साडी बदलली आणि पोळ्या लाटल्या.

लोरेटा कामावर आली ती थेट त्यांच्यासमोर. हातवारे करत, सगळ्यांसमोर. "तू येते म्हणालीस! मी माझ्या शेजारची खुर्ची धरून ठेवली. सख्ख्या बहिणीला मागे बसवलं मी!"

नंदाताईंना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आणि त्या हसल्या.

"हसतेयस? माझी आई गेली आणि तू हसतेयस? बोल ना काहीतरी! भांड माझ्याशी!"

नंदाताई खाली वाकून ताटं लावत राहिल्या. आपल्याकडे एवढा आवाज चढला म्हणजे नातं संपलं. लोरेटाकडे आवाज चढला म्हणजे अजून बोलायचं बाकी आहे. पण हे त्या दोघींना सांगणार कोण? दुसऱ्या दिवशी नंदाताईंनी पिठलंभाताचा डबा लोरेटाच्या लॉकरपाशी ठेवला. दुःखाच्या घरी शेजारणीनं नेऊन द्यायचा तसा, काही न बोलता.

लोरेटानं डबा परत आणून दिला. "मला जेवण नकोय, मिस नंदा. मला तू बोलायला हवीयस."

नंदाताईंनी डबा पिशवीत ठेवला. ब्रेकमध्ये लोरेटा टेबलावर बाकीच्यांना म्हणाली, "हे इंडियन लोक असेच. तोंडावर गोड हसतात, पोटात काय ते देव जाणे." ते नंदाताईंनी ऐकलं. संध्याकाळी फोनवर शैलाकाकू म्हणाल्या, "ते लोक असेच गं. ओरडायचेच. जपून राहा हो, उद्या हात उचलेल." तेही त्यांनी ऐकलं. दोन्हीकडे त्या गप्प राहिल्या.

मग मॅनेजरनं बोलावलं. क्रिस्टन. तिचा आवाज कापसात गुंडाळून ठेवलेला. "नंदा, मला वाटतं तुम्हाला इथे सेफ वाटायला हवं. काय घडतंय ते मी ऐकलंय."

"नाही नाही, ती चांगली आहे. आवाज फक्त मोठा आहे."

"म्हणजे त्या आवाजाचा त्रास होतो."

साहेबांचं बोलणं खोडायचं नसतं. शिवाय कामाच्या ठिकाणी कुठल्या भानगडीत पडू नकोस, असं प्रसादनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. नंदाताई म्हणाल्या, "थोडा." आणि हसल्या.

"तुम्ही खूप धीराच्या आहात," क्रिस्टन म्हणाली.

शुक्रवारी लोरेटाला ताकीद मिळाली आणि सोमवारपासून दुसऱ्या शाळेत पाठवलं. अ‍ॅप्रन घेऊन ती नंदाताईंच्या शेजारून गेली. एक अक्षर बोलली नाही.

रात्री जेवताना नंदाताईंनी हे सांगितलं, तसा अनिकानं चमचा खाली ठेवला. "आजी, यू सेड 'थोडा'? शी वॉज टॉकिंग टू यू! ती भांडत होती कारण तिला तू हवी होतीस!"

"मला नाही गं येत असं बोलता."

"मग शीक. मी लोरेटा." अनिका उठली, कमरेवर हात ठेवला, आवाज पोटातून काढला. कॅफेटेरियातले किस्से ऐकून ऐकून तिनं लोरेटा इतकी उचलली होती की चैत्रालीला भात खाता खाता ठसका लागला. "मिस नंदा! तू येते म्हणालीस! खुर्ची धरली मी! बोल!"

नंदाताई आधी हसल्या.

"हसू नको! बोल!"

"अगं, मला गाडी..."

"हळू नाही! ऐकू येत नाहीये मला!"

"यायचं होतं मला!" नंदाताईंचा आवाज एकदम फुटला. "पांढरी साडी नेसून बसले होते! कुणाला सांगू, सोड म्हणून? तुझी आई गेली, कळलं! माझीपण गेली! अकोल्याला, मी इथे, ग्रीन कार्डाचे कागद अडकलेले, मला जाता नाही आलं! माझी कुणी खुर्ची धरली नाही! माझ्यावर ओरडलंसुद्धा नाही कुणी!"

आजीची आई गेली तेव्हा घरात काय झालं होतं, हे अनिकाला आठवेना. काहीच झालं नव्हतं. आजीनं सगळ्यांना पोहे केले होते.

"आई," प्रसाद म्हणाला, आणि त्यानं पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला.

पुढच्या शुक्रवारी शाळा सुटायच्या वेळेला अनिकानं नवीन लायसन्सवर गाडी काढली आणि आजीला त्या दुसऱ्या शाळेच्या पार्किंगमध्ये नेलं. लोरेटा बाहेर आली. नंदाताई तरातरा गेल्या आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत, भर पार्किंगमध्ये, खच्चून बोलल्या. "मी यायला हवं होतं! खोटं बोलले! तुला नाही म्हणायची लाज वाटली! तुझ्याविरुद्ध बोलायचं नव्हतं मला, तरी बोलले! रागव माझ्यावर!" हातसुद्धा हलवले. मुलांना न्यायला आलेल्या दोन आया वळून बघायला लागल्या.

लोरेटानं आधी, कुणी बघतंय का म्हणून, शाळेच्या दाराकडे मागे वळून पाहिलं. मग हातातली पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली. बोलली तेव्हा आवाज इतका मऊ होता की ऐकायला नंदाताईंना पुढे वाकावं लागलं.

"थँक यू, मिस नंदा. हे येऊन सांगितलंत, बरं वाटलं. यू हॅव अ गुड वीकेंड." आणि ती हसली. ओठांपुरतं, नीट, व्यवस्थित.

नंदाताई तिची गाडी वळून जाईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. मग येऊन सीटवर बसल्या. पट्टा लावायचं भान राहिलं नाही.

"काय म्हणाली? रागावली?"

"नाही गं." नंदाताईंनी पदरानं डोळे पुसले. "चांगलं बोलली. परक्या माणसाशी बोलतात ना, तसं."