पाट्यावरचा प्लेयर

विलास परब गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी रडू आलं आणि लगेच त्याचा सीडी प्लेयर आठवला. त्याला आता दोन महिने झाले, लाज अजून वाटते, पण खोटं कशाला लिहू... "माझ्यामागे हा तुझा," असं त्याने ऑफिसच्या कँटीनमध्ये चारचौघांत मला सांगितलं होतं.

प्लेयर जपानी, परदेशी निघालेल्या एका साहेबाकडून बावीस वर्षांपूर्वी घेतलेला. इतका जड, की चारकोपला त्याच्या तिसऱ्या मजल्यावर चढवताना आम्ही दोघं प्रत्येक वळणावर जिन्यात बसलो होतो. पुढे सगळे मोबाइलवर गाणी ऐकू लागले, विलासची पूजा मात्र चुकली नाही. आधी अर्धा तास मशीन गरम करायचं, सीडी मलमलच्या फडक्याने मधून कडेकडे पुसायची, मग पंखा बंद. भर मे महिन्यात मी एकदा म्हणालो, "पंखा लाव ना यार, तबला काय पळून जातोय?"

"तबला राहील रे, तबल्यावरची बोटं जातील."

आणि खरंच, सीडीचा तो खण सावकाश आत सरकला की गाणारीने सुरापूर्वी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू यायचा. मला त्या मशीनचा लोभ सुटला तो तिथे.

मशीनला हादरे लागू नयेत म्हणून खाली दगड हवा, असं विलासने कुठेतरी वाचलं आणि सुलभावहिनींचा मालवणहून आणलेला पाटा उचलून प्लेयरखाली सारला. बेकार झालेला वरवंटा दार अडवायला लागला. "सासूबाईंचा पाटा तो. मिक्सरच्या वाटपाला चव नाही, आणि या दगडाने आवाजात काडीचा फरक नाही," हे वहिनी दर भेटीत मला ऐकवायच्या. विलास निवांत बांगड्याचं सार ओरपत असायचा.

तेराव्यानंतरच्या रविवारी वहिनींनीच बोलावलं. "भाऊजी, न्या तुमचा प्लेयर. माझा पाटा मोकळा करा." मी खाली रिक्षा थांबवून वर गेलो. शेजाऱ्यांच्या मदतीने प्लेयर टेबलावर ठेवला, वहिनींनी पाटा घासूनपुसून ओट्यावर नेला. "चालतोय ना, एकदा बघून घ्या," त्या म्हणाल्या. मी लगेच सीडी घालायला गेलो, तर मला थांबवलं. "अर्धा तास गरम होऊ दे." खालून रिक्षावाला हॉर्न मारत राहिला. मग पंखाही त्यांनीच बंद केला.

दोन मिनिटं ऐकून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "बसका येतोय."

"नाही हो वहिनी, झकास आहे."

"तुम्हाला नाही कळायचं. बावीस वर्षं स्वयंपाकघरातून ऐकतेय मी."

पाटा पुन्हा प्लेयरखाली गेला. आवाज सुधारला की नाही, देव जाणे. वहिनी डोळे मिटून बसल्या होत्या, आणि विलास गेल्यापासून पहिल्यांदा मी प्लेयरचा विचार न करता रडलो.

रिक्षा रिकामीच परत गेली. प्लेयर माझाच आहे, राहतो मात्र तिथे. दर रविवारी मी चारकोपला जातो. दाराला वरवंटा असतो, जेवायला मिक्सरच्या वाटपाचं सार. आणि मशीन गरम होईपर्यंतचा अर्धा तास आम्ही दोघं मिळून विलासला शिव्या घालतो.