अकरा अंशांचा उतार

निवृत्त झाल्यापासून आमच्या ह्यांना एकच वेड. फौजेतली जुनी पितळी यंत्रं. होकायंत्रं, कोन मोजायची यंत्रं, सगळी जुन्या बाजारातल्या कबाड्याकडून आणलेली. काचेच्या कपाटातले माझे चांगले कप हलले आणि तिथे तोफखाना येऊन बसला. अरेरा कॉलोनीतल्या तिसऱ्या मजल्यावरून तोफ डागायची तरी कोणावर, असं मी विचारायची. हे ऐकून न ऐकल्यासारखं करून पितळ पुसत बसायचे.

त्यातच सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्या चाकाच्या खुर्चीत आल्या. लिफ्ट होती, पण तिच्यापुढे अंगणात उतरायला चार पायऱ्या. सोसायटीने तिथे सिमेंटचा उतार करून दिला. पहिल्याच दिवशी मी त्यांना बागेत मैत्रिणींकडे न्यायला निघाले, तर खुर्चीने मला असं ओढलं की आम्ही दोघी थेट मेंदीच्या कुंपणात. लागलं कोणालाच नाही. पण बिल्डिंगभर झालं, बहूच्या हातून खुर्ची सुटली.

सासूबाईंनी खाली जाणंच सोडलं. आज ऊन आहे, उद्या कंबर धरली आहे. इंदूरची बोलकी बाई, संध्याकाळी गॅलरीत बसून खालच्या हसण्याकडे कान लावायची. सासूबाईंचा माझ्यावर भरवसा उरला नाही, असं मी धरून चालले. फार लागलं ते मला.

एकदा चिडून मी ह्यांना म्हटलं, या तुमच्या डबड्यांचा घराला काडीचा उपयोग आहे का? हे उठले. तोफेच्या नळीचा कोन मोजायचं यंत्र घेऊन खाली गेले, उतारावर फळी ठेवली, तिच्यावर यंत्र टेकवलं आणि त्याच्या काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध आणला. अकरा अंश. खुर्चीसाठी पाचाच्या आत हवा. सोसायटीचे अध्यक्ष आधी हसले, अंग्रेजों के जमाने की चीज म्हणाले. मग त्याच फळीवर त्यांनी आपला मोबाइल ठेवला. त्यातही अकराच.

महिन्याभरात लांबलचक, वळण घेणारा नवा उतार झाला. ह्यांनी मोजला, साडेचार भरला. सासूबाईंनी चष्मा लावून स्वतः आकडा वाचला आणि चल म्हणाल्या.

उताराच्या तोंडाशी मी खुर्चीची मूठ अशी आवळली की बोटं पांढरी पडली. त्यांनी मान वळवून पाहिलं.

"अगं, सैल धर की जरा. त्या दिवशी तरी कुठे सोडलं होतंस? माझ्यापाठोपाठ कुंपणात आलीस. म्हणून तर खाली येत नव्हते. माझं मोडायचं ते मोडून झालंय, तुझं काही मोडलं असतं म्हणजे?"

मला रडूच फुटलं. डोळे पुसायचे होते, पण मी मूठ सोडली नाही.