झेंडाकाकू

झेंडाकाकूंनी एकदा निकाल दिला, की तो बदलायची ताकद रेफरीत नव्हती आणि काकांत तर नव्हतीच. नागपूरच्या बाई. सनीव्हेलला माझ्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये राहायच्या. काका सॉफ्टवेअरमध्ये, काकू डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरीची परवानगी नाही, त्यात ड्रायव्हिंगची धास्ती. "दिवसभर फ्रिजशी बोलून राहिली मी," असं हसत सांगायच्या, पण त्या हसण्यात काही दम नसायचा.

मी तेव्हा ऑफिसातल्या एका आयरिश मित्रामुळे हर्लिंग नावाच्या त्यांच्या खेळाच्या नादी लागलो होतो. हातात चपटी लाकडी काठी, छोटा कडक चेंडू आणि दोन उंच खांब. खांबांच्या मधून, आडव्या दांडीवरून चेंडू गेला की एक पॉइंट आणि पंचाचा पांढरा झेंडा. आमचा क्लब जुना, पण बरेच आयरिश गडी मायदेशी परतलेले, म्हणून माझ्यासारख्या पुणेरी नगालाही टीममध्ये जागा मिळाली. क्लबानं लीगचा कप एकदाही जिंकला नव्हता, आणि आमचा म्हातारा मॅनेजर शॉन त्यासाठी जीव टाकत होता.

एका रविवारी काकू डबा घेऊन सहज बघायला आल्या. प्रत्येक क्लबानं खांबापाशी आपला एक पंच उभा करायचा, अशी तिथली पद्धत. आमचा पंच नेमका उगवलाच नाही. शॉननं पंचाचा पांढरा कोट काकूंच्या पंजाबी ड्रेसवर चढवला आणि हातात झेंडे दिले. झालं! पुढच्या रविवारपासून काकू माझ्या आधी गाडीपाशी हजर.

डबा मॅच संपेपर्यंत उघडायचा नाही, हा त्यांचा कायदा. "खाऊ घालून निकाल फिरवला म्हणतील लोकं." मॅच संपली की मात्र दोन्ही टीमना पोहे, तेही आग्रह करकरून. काठीला पाय लागला की त्या वाकून नमस्कार करायच्या. बघता बघता आमचे धिप्पाड आयरिश गडीही मैदानात उतरताना काठीला हात लावून कपाळाला लावू लागले. का, ते एकानंही विचारलं नाही.

मग २००६ची फायनल. शेवटची मिनिटं, बरोबरी, आणि चेंडू माझ्या काठीवर. असा सणकून मारला की बस्स! खांबाच्या टोकाजवळून गेला, आमची माणसं नाचायला लागली. समोरच्या क्लबाच्या पंचाच्या डोळ्यांवर ऊन होतं, त्यानं काकूंकडे पाहिलं. काकूंनी दोन्ही हात पसरले. बाहेर. पुढच्याच चेंडूवर समोरच्यांनी पॉइंट केला आणि कप घेऊन गेले.

मी तडक काकूंपाशी गेलो. "काकू, तुम्ही आमच्या ना?"

"तुमचीच आहे रे," त्या म्हणाल्या. "पण मी तुला नाही पाहत होती, बॉल पाहत होती."

झेंडे गुंडाळून त्यांनी शॉनच्या हातात दिले आणि डबा न उघडताच गाडीत जाऊन बसल्या. त्या परक्या देशात त्यांना ओळखणारी हीच काय ती माणसं, आणि आता ती तोंड फिरवणार हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. आठवडाभर शॉनचा फोन नाही. रविवारी मात्र तो दारात उभा, सोबत समोरच्या क्लबाचा कॅप्टन. इथून पुढे लीगच्या प्रत्येक फायनलला खांबापाशी याच बाई हव्यात, असं सगळ्या क्लबांनी मिळून ठरवलं होतं. कप हुकला तो हुकला, पण असा पंच आमच्या क्लबाचा आहे, असं शॉन छाती फुगवून सांगत होता. काकू आत जाऊन डोळे पुसून आल्या. माझी छाती त्या दिवशी शॉनपेक्षा जास्त फुगली होती, हे कबूल करतो.

२००८ला काकांची नोकरी गेली, तिच्याबरोबर व्हिसा. घर आवरून दोघं नागपूरला परतले. त्याच मोसमात आम्ही कप जिंकला, एका पॉइंटनं. शॉननं मैदानातूनच मला काकूंना फोन लावायला लावला.

काकूंनी अभिनंदनही केलं नाही. आधी विचारलं, "शेवटचा झेंडा कोणी दाखवला?"

"समोरच्यांच्या पंचानं, काकू."

मग त्यांनी रिसीव्हर बाजूला धरून घरात हाक मारली, "अहो, ऐकलं का? आपण जिंकलो."