कपाळावरची विभूती

रेणापूरच्या आमच्या आडत दुकानात, गादीच्या वरच्या भिंतीवर, खापरपणजोबांचं भलंमोठं तैलचित्र होतं. निजामाच्या अमदानीत काढलेलं. उदबत्तीच्या धुरानं आणि धान्याच्या धुळीनं ते इतकं काळवंडलं होतं की शेरवानी तेवढी ओळखू यायची. मोंढ्याच्या धान्यबाजारातली माणसं म्हणायची, "हा निजामाचा कुणी अंमलदार असंल. तुमचा कशाचा!" थोरले काका हिशोबाच्या वहीत डोकं खुपसत.

मागच्या वर्षी दुकानाला रंग देताना काकांनी ते भंगाराच्या ढिगावर ठेवलं. मी नांदेडला चित्रकला शिकले आणि पुढं हैदराबादेत जुनी चित्रं दुरुस्त करायला शिकून नुकतीच घरी आले होते.

"काका, मला द्या. मी साफ करते."

"आन् बिघडलं म्हंजे?"

काकू म्हणाल्या, "द्या की लेकीला. तसं बी भंगारातच चाललंय."

मागच्या खोलीत चित्र आडवं ठेवलं. कापसाचा बोळा जिभेवर ओला करून एका कोपऱ्यावरून हलकेच फिरवला. वरचा मळ काढायला थुंकी फार चांगली. काकूंनी ते पाहिलं.

"अगं, वाडवडिलांवर थुकायलीस का?"

मी नुसता काळा झालेला बोळा दाखवला. मग त्याच मला कापूस वळून देऊ लागल्या.

मळाखाली पिवळं पडलेलं जुनं रोगण, म्हणजे व्हार्निश, होतं. ते औषधानं तसूतसूनं उतरवत गेले. हात चुकला तर रंगच निघून येणार, या भीतीनं घास गोड लागत नव्हता. आधी शेरवानीची बटणं चमकली. मग छातीवर रुळणारी, आम्ही लिंगायत गळ्यात घालतो ती इष्टलिंगाची चांदीची डबी दिसली. शेवटी कपाळ उजळलं, आणि त्यावर विभूतीचे तीन पांढरे पट्टे!

"काका!" मी ओरडलेच.

काका आले. चित्रावर वाकले. मग टोपी काढून हात जोडले, लिंगायतांचा नमस्कार घालत "शरणार्थी," म्हणाले आणि तसेच बोडक्यानं बाहेर पळाले.

"या रे, बघा! आमचाच हाय! लिंगायत हाय!"

अर्धा मोंढा खोलीत शिरला. इतकी वर्षं हसणारी माणसं वाकून नमस्कार करत होती. माझा ऊर अभिमानानं भरून आला.

गर्दीत बिलोलीचे एक व्यापारी होते. त्यांनी मला विचारलं, "ताई, आमच्या आजोबांचं बी करून देता का?"

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "करंल की! पर तिला घाई करायची न्हाई."