आयुधपूजेला बंद केलेला सर्व्हर

आयुधपूजेला मशीन बंद करायची, पुसायची, हळदकुंकू लावायचं, ही बेंगळुरूची रीत. मला ती कधीच पटली नाही. आमच्या महादेवपुऱ्यातल्या ऑफिसात तर सर्व्हरलाही झेंडूची माळ घालतात. त्या वर्षी मी दोनच दिवसांपूर्वी नव्या सर्व्हरवर पेनड्राइव्हवरून लिनक्स चढवलं होतं आणि तेव्हापासून तो व्यवस्थित चालू होता. तो बंद कर म्हणून मॅनेजर मागे लागला. चडफडत बंद केला.

पूजा झाली, लाडू वाटले. बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर एकच ओळ: सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही. चार वाजता क्लायंटला त्याच सर्व्हरवर काम दाखवायचं होतं. माझं डोकंच फिरलं.

सर्व्हर पुसला होता आमच्या मजल्याची सफाई करणाऱ्या अक्कांनी. चिकपेटेतल्या जुन्या मराठी घरातल्या. मी नागपूरची, ऑफिसात माझ्याशी मराठी बोलणारं तेवढं एकच माणूस. पण त्या दुपारी सगळ्यांदेखत मी त्यांच्यावर तुटून पडले. रोजचं ‘तुम्ही’सुद्धा सुटलं.

“काय ओढलंस तिथलं?”

“काही नाही ओढलं, ताई. मागचं ते बारकं पेनड्राइव्ह तेवढं काढलं. पुसून देवाम्होरं ठेवलंय की. स्वल्प थांबा, आणते.”

“पेनड्राइव्हनं काय होतंय! वायर हलवली असशील.”

तिथल्या तिथं सफाईच्या कंत्राटदाराच्या सुपरवायझरला फोन लावला. ही बाई आजपासून मला इथं नको, म्हटलं. “सरी मॅडम, ठीक आहे,” तो म्हणाला. या शहरात माझं दुसरं कुठलंही काम इतक्या झटपट झालेलं नाही.

मग तासभर केबल उपसल्या, डिस्क काढून पुन्हा बसवली, मशीनला तोंडाला येईल ते बोलले. शेवटी सगळं नव्यानं चढवायचं ठरवलं आणि देवापुढच्या ताटातून तोच पेनड्राइव्ह आणून लावला. सर्व्हर मुकाट्यानं सुरू झाला. काही नव्यानं चढवायची गरजच नव्हती, माझंच परवाचं लिनक्स समोर उभं होतं.

मशीन जागं करणारा छोटा प्रोग्राम, बूटलोडर, सर्व्हरच्या डिस्कवर टाकायचा असतो. मी तो पेनड्राइव्हवर टाकला होता. कुठे टाकायचा म्हणून विचारणाऱ्या यादीतलं पहिलं नाव, न वाचता, माजात दाबलं होतं. परवा पेनड्राइव्ह मागे खोचलेला होता म्हणून सर्व्हर सुरू झाला आणि मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. शिकाऊ पोरंही करणार नाहीत असली चूक. दुरुस्तीला दहा मिनिटं लागली.

मी खाली धावले. अक्का गेटवर ओळखपत्र परत करत होत्या. मला बघून त्यांनीच विचारलं, “ताई, मशीन चालू झालं का?”

“झालं.”

“देवानं राखलं. मला वाटलं, माझ्या हातनंच मोडलं.”

चूक माझी होती, एवढंच सांगायचं होतं. त्यासाठीच तर धावत आले होते. पण मागे मॅनेजर येऊन उभा राहिला, माझी सगळी टीम चहाला निघाली होती. आणि मी, मेली, काय म्हणाले?

“पुढच्या ठिकाणी जपून हात लावा.”

“होय ताई,” त्या म्हणाल्या.