खालच्या थराची नावं

गुणाजी,

फोनवर तुमचे आभार मानायला गेलं, की तुम्ही ‘असूं दे वो बाई’ म्हणता आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी सुरू करता. म्हणून लिहिते आहे. कागदाचं बोलणं मध्येच तोडता येत नाही.

आधी माझी चूक. आपल्या लालबागच्या चाळीचं गोविंदा पथक गुरुपौर्णिमेला सराव सुरू करतं, आणि त्याच्याही आधी तुम्ही अपघात विम्याची यादी घेऊन दारोदार फिरायला लागायचात. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत आधार कार्डांच्या झेरॉक्स, शर्टाच्या खिशात तीन पेनं आणि त्यातलं एकही धड चालत नाही. पोरं जिन्यातून ओरडायची, “काका आले रे, मरणाचा फॉर्म घेऊन!” तुम्ही मान वर न करता म्हणायचात, “मरणाचो नाय रे मेल्या, प्लास्टरचो. सही कर.”

दोन वर्षांपूर्वी पथकाने ती यादी संगणकावर उतरवायला मला दिली. का, तर बाई परळच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवत होत्या. त्या वर्षी वर्गणी कमी जमलेली. मी यादी पाहिली आणि लगेच अक्कल पाजळली. “गुणाजी, एवढी नावं कशाला? सगळ्यात खालच्या थरातले जमिनीवरच उभे असतात. जमिनीवरचा माणूस पडणार कुठे? चढणाऱ्यांचा विमा काढा, बाकीचे गाळा.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. डोलावणारच. मनोरा कोसळतो तेव्हा आपण सगळे वरच्याकडे बघत असतो. तो झेलला गेला, की टाळ्या. खाली कोण चेंगरलं, ते मागाहून कळतं.

तुम्ही एकटेच म्हणालात, “बाई, वरचो पडता तो खंय पडता? खालच्याच्या आंगार ना!”

“उगाच फाटे फोडू नका,” मी म्हटलं आणि खालच्या थराची नावं गाळली. त्यात माझ्या अजितचंही नाव होतं. स्वतःच्या मुलाचं नाव मी स्वतःच्या बोटाने पुसलं, आणि वर चहा प्यायले.

तुम्ही वाद घातला नाहीत. माझगावच्या गोदीत क्रेनला ओझी बांधण्यात तुमचा जन्म गेला. टांगलेल्या वजनाखाली उभं राहणं म्हणजे काय, ते तुम्हाला शिकवायला कुणा गणिताच्या बाईची गरज नव्हती. घरी जाऊन तुम्ही गाळलेली सगळी नावं हाताने लिहिलीत, विम्यात सरावाचे दिवसही धरायला लावलेत, आणि वाढलेला खर्च भागवायला पथकाच्या नव्या टी-शर्टांची ऑर्डर परस्पर रद्द केलीत. यादीचं आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं; टी-शर्टांचं मात्र दुसऱ्याच दिवशी कळलं. पोरं काय भडकली!

“काका, गेल्या वर्षीचे टी-शर्ट घालून आम्ही नाक्यावर जायचं कसं?”

“उघडे जावा.”

मीही तुम्हाला हेकट म्हणाले होते. ते शब्द आता मागे घेते. हेकट तुम्ही आहातच, पण शब्द मागे घेते.

सरावाच्या नवव्या दिवशी सहावा थर लावताना मनोरा डाव्या बाजूला बसला. वरचे सगळे झेलले गेले. अजित खाली सापडला. मांडीचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, रॉड घालावा लागेल, पाच महिने पायावर भार द्यायचा नाही. आमचा अजित वायरमन. शिडीवर चढेल त्या दिवशी कमाई, नाही तर नाही. माझ्या पेन्शनमध्ये औषधं आणि वीजबिल बसतं, आख्खं घर बसत नाही. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या तो सीमाला म्हणाला, “ड्रिल मशीन, शिडी, सगळं विकायला काढ. एकदम गिऱ्हाईक मिळायचं नाही.” सून माझी खंबीर, पण तिचाही चेहरा उतरला. वायरमनने हत्यारं विकली, की बरा झाल्यावर तो दुसऱ्याच्या हाताखाली जाणार, हे तिलाही कळत होतं.

मी बाहेर बाकावर बसले होते. तेवढ्यात तुम्ही पिशवी सावरत आलात आणि नमस्कार-चमत्कार न करता सुरू झालात. “बाई, बिलां मूळ ठेवा, झेरॉक्स नको. एक्स-रे टाकू नकात. आणि काम कधीपासून बंद, ता डॉक्टरकडून लिवून घेवा.”

“कशाला? त्याचं नाव यादीत नाही.”

“आसा,” तुम्ही म्हणालात.

त्या एका शब्दासाठी हे पत्र आहे.

पुढे दोन महिन्यांनी कंपनीने पत्र पाठवून शंका काढली, ती आठवते ना? आपण दोघं फोर्टातल्या ऑफिसात गेलो. टेबलापलीकडे सुरुची मॅडम, पोरगेलीशी, पण कागद वाचून बोलणारी. म्हणाली, “जखमी व्यक्ती जमिनीवर उभी होती, असं तुम्हीच लिहिलंय. मग ती पडली कुठून?” माझाच प्रश्न, माझ्याच शब्दांत! मी खाली बघितलं.

तुम्ही उठलात. “मॅडम, दोन मिनटां. बाई, उठा.” मला उठवलंत, पाणी घेऊन आलेल्या शिपायाच्या हातातला ट्रे टेबलावर ठेवलात, आणि आम्हा तिघांचं एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून कडं केलंत. शहात्तर वर्षांची मी, विमा कंपनीत, गोविंदा! “मॅडम, आता आमच्या खांद्यांवर तुमचे हात दाबा. अजून दाबा. लाजू नकात. बाई, एक पाय उचला.”

मी पाय उचलला. कडं असं काही कललं, की शिपाई कपाटावर आणि मी शिपायावर.

“बघितलात? वर अजून कोण चढलोच नाय. आता पाच थर डोक्यावर धरा.”

मॅडमला हसू आवरेना. मग तिने पेन घेतलं आणि अपघात कसा झाला, ते तुमच्याकडून पहिल्यापासून, ओळीओळीने लिहून घेतलं.

दिवाळीच्या आत क्लेम मंजूर झाला. ऑपरेशनचा आणि हॉस्पिटलचा खर्च मिळाला, डॉक्टरांनी काम बंद लिहून दिलं होतं त्या आठवड्यांची ठरलेली रक्कम मिळाली. सगळंच भागलं असं नाही; पायाच्या व्यायामाचा खर्च आम्ही सोसला. पण ड्रिल मशीन घरात राहिलं, आणि संक्रांतीनंतर अजित स्वतःच्या शिडीवर, स्वतःच्या कामावर चढला.

मी पेढे घेऊन आले, तर तुम्ही पुडा बाजूला ठेवलात. “ह्या नको, बाई. रविवारी माझ्यावांगडा कमलकडे चला.”

तळमजल्यावरची कमल, माझी जुनी विद्यार्थिनी. तिचा हितेंद्र खालच्याच थरात उभा राहतो. फॉर्मवर वारसाच्या रकान्यात आपलं नाव लिहायचं म्हटल्यावर तिने कागदच परत केला होता. नवरा जिवंत असताना असलं लिहिणं अशुभ, म्हणे.

“ती माझा ऐकणा नाय, तुमचा ऐकतली,” तुम्ही म्हणालात. “आणि तुम्ही अजितचा नाव गाळलात, ता पण सांगा तिका.”

मी हो म्हटलं. शनिवारी कणकवलीहून फोन आला, तुमच्या भावाला अर्धांगवायूचा झटका आला म्हणून तुम्ही गावी गेलात, आणि त्याचं करायला तिकडेच राहिलात. मी म्हटलं, गुणाजी आले की जाऊ.

गेल्या हंडीला हितेंद्र विम्याशिवाय उभा राहिला. सुदैव, काही झालं नाही. यंदा यादी पथकातल्या राजेशकडे आहे, अजून नावं घेतोय. विमा समजावून सांगायला मला पाच मिनिटं लागतील. मुलाचं नाव मी गाळलं होतं, हे सांगताना मात्र तुम्ही शेजारी हवे होतात.

काल भाजी घेऊन येताना कमलच्या दारात थांबले. ती म्हणाली, “बाई, या ना, चहा टाकते.”

“नंतर येते,” मी म्हटलं, आणि जिना चढले.